जळलं नाहीये, दमलंय

कुठलीही वस्तू दुरुस्तीला आली की काका आधी तिचा वास घ्यायचे. टीव्ही असो, मिक्सर असो, नाहीतर कुणाच्या सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर. मागचं झाकण काढायचं, डोळे मिटायचे आणि नाक थेट आत. आपण शेजारी उभे, जीव टांगणीला. मग मान वर काढून ते निकाल द्यायचे. ‘‘जळलंय,’’ म्हणाले की त्या वस्तूची आशा सोडायची. पण बहुतेक वेळा म्हणायचे, ‘‘जळलं नाहीये हो. दमलंय.’’

कधी मिळेल असं विचारायची सोय नव्हती. ‘‘दमलेल्याला घाई करू नये,’’ हे ठरलेलं उत्तर. माझी इस्त्री त्यांच्याकडे पाच आठवडे विश्रांती घेत होती. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे, रोज चुरगळलेल्या साडीत जायचे. एकदा चिडून म्हटलं, ‘‘काका, आता मीच दमलेय.’’ तर त्यांनी माझ्याकडे बघून खरंच दोनदा नाक फेंदारलं. असा माणूस. भांडावं तरी कसं?

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत एका गॅलरीवर चार बिऱ्हाडं होती. पहिलं आमचं, शेवटचं काकांचं. ठाण्याच्या एका रेडिओच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं काढलेली. कारखाना बंद पडला तसं त्यांनी दाराबाहेर एक टेबल टाकलं, वर दिवा लटकवला, झालं दुकान. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या टेबलाशेजारून अंग चोरून जावं लागायचं. त्यावरून गॅलरीत अधूनमधून खडाजंगी व्हायची आणि ज्याचा टीव्ही त्या आठवड्यात बिघडलेला असे तो काकांची बाजू घ्यायचा.

माझे वडील, अण्णा, जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त होऊन घरी बसले आणि त्यांना भांडायला काका मिळाले. ‘‘हा मेकॅनिक नाकाने रेडिओ दुरुस्त करतो,’’ अण्णा म्हणायचे. ‘‘आणि तुम्ही पुस्तकाने,’’ काकांचं उत्तर तयार. अँटेनाचं तोंड कुठे करायचं यावरून दोघं गच्चीत तास तास वाद घालायचे. आई खालून हाका मारायची, चहा गार व्हायचा, आणि टीव्ही आधी दिसत होता तसाच दिसायचा.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात धड होता. डॉक्टर म्हणाले, ‘‘हा हात चालवत राहिले आणि बोलायचा प्रयत्न करत राहिले, तर पुष्कळ सुधारतील. पण माणसाने मनावर घ्यायला हवं.’’ अण्णा मनावर घेत नव्हते. रबरी चेंडू हातात दिला की सोडून द्यायचे. आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, दिवसभर समोरची भिंत. चार महिने असे गेले. मी कामावरून आले की आधी आईच्या तोंडाकडे बघायचे, आज काही झालं का म्हणून. काही झालेलं नसायचं.

काका रोज संध्याकाळी यायचे. खुर्ची ओढून बसायचे आणि काहीतरी धडधडीत खोटं बोलायचे. ‘‘अण्णा, अँटेना उलटी फिरवून टाकली मी. चित्र काय सुंदर आलंय!’’ एरवी अण्णांनी चप्पल फेकून मारली असती. आता नजरही हलायची नाही. एक दिवस काका उठले, अण्णांच्या कानाशी वाकले, डोळे मिटून चक्क वास घेतला. ‘‘जळलेले नाहीत हो वहिनी. दमलेत.’’

आई हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेली.

त्याच वेळी काकांना कपाटावरची गाडी दिसली. तुम्ही आमच्या इमारतीत असता तर तुम्हालाही ती ठाऊक असती. अण्णांनी जपानच्या एका बंदरातून आणलेली, हातभर लांब, लालभडक, रिमोटवर चालणारी मोटार. मी शाळेत होते तेव्हा अण्णा रविवारी ती गच्चीत चालवायचे आणि सगळी इमारत जमायची. हात कुणाला लावू द्यायचे नाहीत, मलासुद्धा नाही. पुढे ती बंद पडली आणि दहा वर्षं कपाटावर बसली. आईने तर नुकतंच भंगारवाल्याला ती घेऊन जायला सांगून ठेवलं होतं.

‘‘ही आधी मला द्या,’’ काका म्हणाले.

गाडी उघडली. जुने सेल फुटून सगळं पाणी आतल्या सर्किटवर सांडलेलं, तारा हिरव्या झालेल्या. काकांनी वास घेतला आणि प्रथमच तिसरा निकाल दिला. ‘‘ही जळलेली नाही, दमलेलीही नाही. ही आंबलीय.’’ मोटर तेवढी ठणठणीत होती. बाकी आतलं सगळं नवं घालावं लागणार होतं, आणि नवं म्हणजे काय ते शोधायला आम्ही शनिवारी कल्याणला गेलो.

पहिल्याच दुकानात काचेमागे परदेशी रिमोटचा सेट होता. दोन चकचकीत दांड्या, एक वेगाची, एक वळायची. किंमत भारी होती, तरी मी म्हटलं, ‘‘काका, घेऊन टाका. मी भरते पैसे.’’ त्यांनी सेट हातात घेतला. मग उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि नुसत्या डाव्या हाताने दोन्ही दांड्या हलवायला गेले. रिमोट निसटून काउंटरवर आपटला. दुकानदार ओरडला.

‘‘स्वस्त की महाग ते नंतर,’’ काका मला म्हणाले. ‘‘एका हाताने चालेल का, ते आधी.’’

मला मेलीला हे सुचलंच नव्हतं. स्टोअर्समध्ये हजार वस्तूंचा हिशेब ठेवते म्हणून मिरवायचे, आणि ज्याच्यासाठी घ्यायचं त्या माणसाचा हातच विसरले.

त्या दिवशी काका अख्खा कल्याणचा बाजार एका हाताने फिरले. उजवा खिशात तो खिशातच. डाव्या हाताने वस्तू उचलायचे, उलटी करायचे, बटणं दाबून बघायचे. एका दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि मला हळूच विचारलं, ‘‘बाबांना कधीपासून असं?’’ काकांनी ते ऐकलं. ‘‘सकाळपासून,’’ ते म्हणाले.

शेवटी रस्त्यावरच्या हातगाडीवर खेळण्यातली एक तकलादू रिमोटची गाडी घेतली, फक्त आतल्या सर्किटसाठी. ती चालवण्याइतकी ताकद त्यात होती, अण्णांची धूड मोटर ओढण्याइतकी नव्हती. म्हणून मध्ये दोन छोटे रिले घ्यायचे ठरले. काकांनी मला समजावलं, ‘‘सर्किट नुसतं हाक मारणार, वजन हे रिले उचलणार.’’ बॅटरी घेतली ती बंद पडलेल्या इमर्जन्सी दिव्यातली. स्टिअरिंगला जुन्या वॉकमनची मोटर. पण एका हाताचं काय? ते उत्तर भंगाराच्या एका ढिगात पडलेलं होतं. टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमची दांडी, जॉयस्टिक म्हणतात ती. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, सगळं एकाच दांडीत. बुडाला रबरी वाट्या, स्टुलावर दाबली की घट्ट चिकटते. काकांनी ती डाव्या हातात धरली, चारी बाजूंना फिरवली आणि एवढे खूश झाले की उजवा हात खिशातून बाहेर काढून माझ्या पाठीत धपाटा घातला.

सवयीप्रमाणे मी सामानाची यादी करत होते. ‘‘हे तीन कपॅसिटर कशाला?’’

‘‘असू देत गं. लागतील.’’

आणि काय सांगू, पाच आठवडे इस्त्री ठेवून घेणाऱ्या ह्या माणसाने आठवड्यात गाडी उभी केली. बॅटरी टपाखाली मावेना म्हणून आतली खेळण्यातली सीट काढून टाकली. स्क्रू हलू नयेत म्हणून त्यांच्यावर माझं नेलपॉलिश लावलं, अर्धी बाटली संपवली. शनिवारी संध्याकाळी गाडी तयार. रविवारी सकाळी अण्णांची खुर्ची दारात आणली, समोर स्टूल, स्टुलावर जॉयस्टिक. गाडी गॅलरीत, तोंड काकांच्या दाराकडे.

अण्णांनी हात लावला नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. आईने त्यांचा हात उचलून दांडीवर ठेवला, तो घसरून मांडीवर पडला. मला रडायलाच आलं.

‘‘तू चालव जरा,’’ काका मला म्हणाले, ‘‘बॅटरी किती टिकते बघू.’’

मी स्टुलाशी उकिडवी बसून गाडी चालवायला लागले. गाडी पळाली मात्र झकास. तेवढ्यात खालून आरडाओरडा. रविवार सकाळ, सगळी इमारत मालिकेला बसलेली, आणि घराघरात टीव्हीवर मुंग्या! ‘‘काका, बघा हो!’’ तिन्ही मजल्यांवरून हाका. काका धावले. खालच्या मजल्यावरचा एक टीव्ही उघडून वास घेतला. ‘‘जळलं नाहीये. अँटेनाचा बूस्टर दमलाय.’’ तिथून गच्चीत. वरून त्यांचा आवाज, ‘‘आलं का?’’ मी दांडी सोडली की खालून, ‘‘आलं, आलं!’’ मी दांडी दाबली की, ‘‘गेलं!’’ ‘‘आता?’’ ‘‘आलं!’’ ‘‘आता?’’ ‘‘अहो, परत गेलं!’’ आमच्या घरातल्या टीव्हीवरही तेच चाललेलं. आणि मी शहाणी, इमाने इतबारे बॅटरी तपासत गाडी चालवतेच आहे.

अण्णांची नजर भिंतीवरून निघाली होती. टीव्हीकडे, मग गाडीकडे, परत टीव्हीकडे. कपाळावर आठी. कितीतरी महिन्यांनी ती आठी दिसली. वरून काका ओरडले, ‘‘थांबा, अँटेना पार उलटी फिरवतो!’’

धाडकन डावा हात स्टुलावर आपटला. ‘‘गा... गाडी!’’ अण्णा म्हणाले. तोंड वाकडं, पण शब्द खरा. ‘‘मो...टर! गाढवा!’’

आई दारातच खाली बसली. मी जिन्याकडे धावले. काका वरून दोन दोन पायऱ्या उतरत येत होते. ‘‘काय म्हणाले? काय म्हणाले?’’

‘‘तुम्हाला गाढव म्हणाले!’’

‘‘स्पष्ट म्हणाले?’’

‘‘अगदी स्पष्ट.’’

काकांचा चेहरा जो फुलला! पेढे वाटावेत तसं तोंड करून ते अण्णांसमोर मांडी घालून बसले. ‘‘चुकलंच माझं, अण्णा. मोटर ठिणग्या मारतेय, त्याच्या मुंग्या येतायत. ठिणग्या गिळणारे कपॅसिटर लावायचे राहिले. तुम्ही नसता तर अख्खी इमारत उघडून बसलो असतो.’’ त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिथेच बसून पाच मिनिटांत तिन्ही कपॅसिटर मोटरला जोडून टाकले.

मी दांडीला हात घालणार, तेवढ्यात अण्णांनी मला कोपराने बाजूला केलं. मुंग्या गेल्या की नाही ते त्यांना स्वतः बघायचं होतं. त्यांनी डाव्या हाताने दांडी पुढे ढकलली. गाडी सुसाट काकांच्या दारापर्यंत गेली. टीव्ही स्वच्छ. मागे घेतली. स्वच्छ. परत पुढे. वीसेक वेळा तपासलं असेल. कुणीच त्यांना पुरे म्हणालं नाही.

त्यानंतर रोज सकाळी अण्णा वाचून झालेला पेपर गाडीच्या टपावर घालून काकांकडे पाठवायचे. काका त्यावर काहीतरी ठेवून टाळी वाजवायचे की अण्णा गाडी परत आणायचे. कधी शेंगदाणे, कधी लिमलेटची गोळी, एकदा माझी इस्त्रीची वायर. अण्णांचा हात सुधारला, बोलणंही सुधारलं. तुटक, पण भांडायला पुरेसं. तीन वर्षं दोघं पुन्हा मनसोक्त भांडले.

मग एका सकाळी टेबल मांडता मांडता काका खाली बसले आणि उठले नाहीत. झटकाच होता. वास घ्यायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळे त्यांच्या गोष्टी सांगत होते. मी मुंग्यांची सांगितली, काकांचं निदान चुकल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं, असं म्हणाले. सगळे हसले. काकांच्या पत्नी, आमच्या काकू, तेवढ्या हसल्या नाहीत. ‘‘चुकतायत कसले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आदल्या दिवशीच त्या तीन कपॅसिटरच्या तारा बेताने कापून, वाकवून पुडी खिशात ठेवली होती. मी शर्ट धुवायला मागितला तर म्हणाले, हात लावू नकोस, उद्या अण्णांना माझी चूक काढायचीय.’’

मला माझी यादी आठवली. ‘असू देत गं. लागतील.’ ते तीन कपॅसिटर माझ्याच हाताने लिहिले होते, आणि माझ्याच डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी तशीच घरी आले. अण्णा दारात खुर्चीवर होते, समोर स्टूल. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसेल असं वाटलं होतं.

‘‘मा...हितीये,’’ अण्णा म्हणाले. ‘‘वीस वर्षं... रेडिओत. कपॅसिटर... विसरेल?’’

‘‘मग त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?’’

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ‘‘नंतर. रात्री... कळलं.’’ डोळे भरून आले होते. ‘‘गाढव,’’ म्हणाले, आणि दांडी पुढे ढकलली. गाडी गॅलरीतून निघाली, काकांच्या टेबलापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. अण्णांनी पुढे केलं, मागे केलं. हलेना. मी चालत गेले, गाडी उचलली आणि नकळत तिला नाकाशी धरलं.

‘‘जळली नाहीये, अण्णा,’’ मी तिथूनच ओरडले. ‘‘दमलीय.’’

‘‘मग आण इकडे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘चा...र्जिंगला लाव.’’