माळेतली रंगवलेली चाकोली

होळीच्या आठ-पंधरा दिवस आधी आमच्याकडे लेकरं शेणाच्या चाकोल्या थापतात. चाकोली म्हणजे तळहाताएवढी चकती, मधात बोटानं पाडलेलं भोक. वाळल्या की सुतळीत ओवायच्या आणि माळ होळीत टाकायची. थापणं, ओवणं हे बायांचं न् लेकरांचं काम. पुरुष त्यात हात घालत नाई. माळ टाकायचा मान मात्र पुरुषाचा, आणि आमच्या गावात पहिली माळ आमच्या घरची पडे. बापाच्या वेळेपासून. मी दुसरीतून शाळा सोडलेला, धानाच्या दोन बांध्यांचा धनी. पण त्या एका संध्याकाळी पाटीलसुद्धा माझ्यासाठी थांबे.

त्या वर्षी पोरगी बाळंतपणाला घरी आली होती. सोबत तिची मोठी, पाच वर्षांची. इथी असेतोवर ती आमच्या गावच्या अंगणवाडीत जाऊन बसायची. अंगणवाडीच्या बाईंनी लेकरांना काम दिलं होतं: सुटीत एक चाकोली करा, घरच्याच रंगानं रंगवा, सुटी संपली की आणा, भिंतीवर लावू.

नातीनीनं मग सारं घर वेठीस धरलं. आजीकडून चुना, हळद, कोळसा. पोतेऱ्याच्या मडक्यातला गेरू. पळस फुललेलाच होता, फुलं उकळून केशरी पाणी केलं. शिंदीची काडी दगडानं ठेचून कुंचा केला. आणि अंगणात पालथी पडून चाकोलीवर सूर्य काढायला लागली, जीभ दाताखाली धरून.

मी खाटेवरून पाहत होतो. म्हटलं, "कायले रंगवतेस वं? जळूनच जाते ना."

"हे जळाची नाई, आबाजी. हे बाईची आहे."

"शेणाचं ते होळीचं."

तिनं मान वर केली नाई. भोकाभोवती गेरूचा गोल, त्यातून काड्याकाड्यांचे किरण, काठानं चुन्याचे ठिपके. खरं सांगतो, चांगला झाला होता सूर्य.

रंग ओला होता. खाली ठेवला तर कोंबड्या तुडवतील म्हणून तिनं ती चाकोली बाकीच्यांसोबत सुतळीत ओवली आणि माळ खुंटीला टांगली. पाच वर्षांच्या लेकराला ते शहाणपणाचंच वाटलं असेल. पण आमच्यात एकदा ओवली की ती होळीची. ओवलेली माळ तोडत नाईत.

होळीच्या दिवशी सूर्य कलला तशी मी माळ उतरवली. ती धावत आली.

"आबाजी, माझी काढून द्या ना."

"ओवलेली निघत नाई."

"गाठ सोडा न् काढा."

चुलीपुढून माझी बुढी म्हणाली, "देऊन टाका एक. एका चाकोलीनं होळी उपाशी राह्यते काय?"

पोरगी आतून म्हणाली, "बाबा, लहान आहे ते. तिले का कळते?"

दोघींनी सांगितलं म्हणूनच मी अडलो. बायांच्या बोलण्यावरून माळ सोडली असं गावात झालं असतं, असं मला वाटलं. खरं तर कोणी मोजणार नव्हतं. गाठ माझ्याच अंगठ्याखाली होती.

नातीन मागं मागं होळीपर्यंत आली. सगळे थांबले होते. मी माळ टाकली. ती रडली असती तर मी रागावलो असतो आणि विषय संपला असता. ती रडली नाई. माळ कुठी पडली तेवढं पाहत राहिली.

सकाळी बाया राख न्यायला गेल्या, तेव्हा ती त्यांच्याआधी तिथं उकिडवी बसलेली. मी गेलो तर बोट दाखवलं. माळेचं टोक काठावर पडलं होतं. शेण जळून पांढरं झालं, पण चकती तशीच होती, आणि तिच्यावर गेरूचा सूर्य, जरासा काळपट, किरणांसकट. गेरू जळत नाई, हे मला या वयापर्यंत कधी दिसलं नव्हतं. याआधी रंगवलेली चाकोली होळीत पडलीच कुठी होती?

"उचलून द्या," ती म्हणाली. "माझ्यानं तुटन."

दोन्ही तळवे खाली सरकवले. नांगराचे घट्टे पडलेले हात माझे. चकती जमिनीपासून बोटभर उठली आणि राख झाली.

तिनं माझ्या तळव्यात पाहिलं. "जाऊ द्या, आबाजी," म्हणाली, मोठ्या बाईसारखी. ते मला लागलं.

दुपारी मी गोठ्याच्या मागं बसून चाकोली थापली. शेजारचा म्हातारा कुंपणावरून म्हणे, "काऊन भाऊ, पुढच्या होळीची तयारी करून राह्यले काय?" मी त्याला शिवी घातली आणि थापत राहिलो. वाळल्यावर गेरूनं सूर्य काढला. किरण एकमेकांत शिरले. अंगणवाडी उघडली त्या दिवशी नातीनीच्या हातात दिली.

संध्याकाळी विचारलं, "लावली काय बाईनं?"

"लावली. मी सांगतलं, हे माझी नाई, आबाजीची आहे."

बाईंनी तरीही लावली. मग मी बांधीकडं जाताना अंगणवाडीवरून जायचं सोडलं, तळ्याच्या पाळीवरून वळसा घ्यायला लागलो. कोणी विचारलं तर सांगायचो, पाळीवर चिखल कमी असते.

पुढच्या वर्षी पोरगी दोन्ही लेकरं घेऊन होळीला आली. नातीनीनं आजीजवळ बसून चाकोल्या थापल्या, साऱ्या एकसारख्या, गोल. मी आधीच गेरू भिजवून ठेवला होता. शिंदीची काडी स्वतः ठेचली होती. वाटी तिच्यापुढं सरकवली.

"रंगव ना वं."

"कायले?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जळूनच जाते ना."

बुढीनं माझ्याकडं पाहिलं आणि परत शेणात हात घातला. वाटी तिथंच राहिली. संध्याकाळपर्यंत गेरू खाली बसला आणि वर नुसतं पाणी दिसायला लागलं.