मोठ्या आईचं निंदण

बोलता बोलता मध्येच थांबायचं आणि मान कलती करून घराच्या दिशेनं कान द्यायचा, ही मोठ्या आईची सवय. नवख्या माणसाला वाटायचं, आपलंच काही चुकलं. पण ती ऐकत असायची ती आतल्या खाटेवरची हाक. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, लकवा मारल्यापासून खाटेवर होते. एक बाजू गेली होती, आवाज शाबूत होता. "आयकलं का वं?" एवढं त्यांनी म्हटलं, की हातातला घास ताटात ठेवून ती उठायची. भरवायचं तिनंच, कूस बदलायची तिनंच. दुसऱ्या कोणी पाण्याचा पेला पुढे केला, तर ते तोंड फिरवायचे.

त्यांना मूलबाळ नव्हतं. लाखांदूरकडच्या माझ्या माहेरच्या गावात तलावाखाली त्यांच्या धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, होती. रोपं लावायचा रोवणा आटोपला, की काही दिवसांत धानाच्या बरोबरीनं गवत उभं राहायचं. मग निंदण, म्हणजे वाकून हातानं गवत उपटणं. शेजारणीला खाटेजवळ बसवून मोठी आई सकाळी निघायची, ती दुपार कलल्यावर यायची. आली, की मोठ्या बाबांचं सुरू, "तिकडंच राहाचं होतं ना!"  ती हातपाय धुवायची आणि चुलीपाशी बसायची.

माझं सासर लाखनीकडे. आमच्या शेतात आम्ही ढेंचा पेरू लागलो होतो. एकदा माहेरी गेले असताना मोबाइलमधले फोटो दाखवून मी तिला समजावत होते. धानाच्या आधी बांधीत ढेंचा दाट पेरायचा. तो भराभर वाढतो, त्याच्या सावलीत गवताला डोकं काढता येत नाही. कोवळा असतानाच तो चिखलात गाडायचा आणि त्यावर धान रोवायचं. खत होतं आणि निंदणही थोडक्यात आटोपतं.

उत्तर खाटेवरून आलं. "पेर मंग. घरी त राहशीन."

मोठी आई सुपातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "पेरू ना जी."

ढेंचा जोमात आला. पंचाईत झाली ती गाडायच्या वेळी. तिच्या बांध्यांना रस्ताच नव्हता. चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या बांध्या, आणि त्यांचे रोवणे आधीच लागलेले. ट्रॅक्टर आत न्यायचा तर कोणाचं तरी धान चिरडणार. शेजारचा शेतकरी अजिजीनं म्हणाला, "काकू, मी काय करू? माहा रोवणा झाला ना." तेवढ्यात ढेंचा माणसाच्या डोक्यावर गेला, पिवळी फुलं आली, खोडं कडक व्हायला लागली. शेवटी एक बैलजोडी मिळाली. धुऱ्याच्या अरुंद बांधावरून एकामागे एक करून बैल आत नेले. आधी बैलांमागे लाकडी पाटा फिरवून ढेंचा आडवा करायचा होता आणि पाट्यावर वजन हवं होतं. मोठी आई पदर खोचून स्वतः पाट्यावर चढली. दोरी धरून ती उभी, आणि तिच्यासमोर ते हिरवं रान कडाकड मोडत आडवं होत होतं. तिला एवढ्या मोठ्यानं हसताना मी प्रथमच पाहिलं.

त्या वर्षी गवत खरंच थोडं आलं. पोळ्याच्या सुमारास गेले, तर भर दुपारी मोठी आई घरात. खाटेशेजारी बसून घडी केलेली लुगडी उलगडून पुन्हा घडी करत होती.

"निंदण झालं?"

"झालं. होतंच कुठी?"

मोठे बाबा खूश होते. "आता कशी घरी राह्यते!" म्हणाले. तेवढ्यात जेवून पुन्हा निंदायला निघालेल्या बायका दारावरून गेल्या. एकीनं हाक मारली, "काकू, येता का?" मोठी आई अर्धी उठली. मग म्हणाली, "माह्या बांधीत गवतच नाही वं," आणि पुन्हा बसली.

पुढच्या वर्षी मी तिच्यासाठी ढेंच्याचं बी घेऊन गेले, तर तिनं ते शेजारणीला देऊन टाकलं.

"काहून वो मोठी आई? चांगला फायदा झाला ना?"

तिनं मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. हळू आवाजात म्हणाली, "बाई, गवतच नसलं तं मले घराबाहेर कोन जाऊ देईन?"

एवढं बोलून ती आत वळली. 

मोठ्या बाबांच्या आधी तीच गेली, त्यापुढच्या उन्हाळ्यात, तापाचं निमित्त होऊन. नंतर मोठे बाबा माझ्या आईच्या हातून मुकाट्यानं जेवू लागले. 

तिची माझी शेवटची भेट बांधीतच झाली, ढेंचा न पेरलेल्या त्या वर्षी. गवत मातलं होतं. पोटरीभर चिखलात तीन-चार बायकांच्या मध्ये ती वाकून निंदत होती आणि सारखी बोलत होती. गावातल्या लग्नांचं, कोणाच्या तरी रुसव्याचं, कशाचंही. माझ्या एसटीची वेळ झाली. धुऱ्यावरून मी म्हटलं, "मोठी आई, येते मी. तू पण चल ना आता, ऊन चढलं."

तिनं कंबर सरळ केली, चिखलाचा हात मागे धरून मनगटानं घाम पुसला.

"तू जाय बाई, गाडी चुकून जाईन." मग पसरलेल्या गवतावर नजर फिरवून समाधानानं म्हणाली, "मले अजून लय निंदाचं आहे."