आवळ्याच्या भरवशावर

नवऱ्याच्या डब्यात काय जायचं, ते आमच्या घरी रविवारीच ठरतं. आवळा रोज, बाकी वाराप्रमाणे शेवग्याचा पाला, टोमॅटोचं सार, बीट. ते अंबरनाथ एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात आहेत, पावडर मिसळायच्या खात्यात. धूर, धूळ अंगात गेली की पेशींची झीज वाढते आणि फळं-भाज्यांतली अँटिऑक्सिडंट ती काही प्रमाणात रोखतात, एवढं वाचलं आणि मी कामाला लागले. कारखान्यात पाळी सुटताना गुळाचा खडा देतातच, घसा साफ होतो म्हणून. त्यात माझा आवळा, उल्हासनगरच्या बाजारातून आणून, वाफवून, मीठ लावून बरणीत भरलेला.

यंदा थंडी सरली तरी त्यांचा खोकला जाईना. जिना चढून आले की बोलायच्या आधी दारात थांबायचे. मी डॉक्टरांकडे नेलं. छाती तपासून त्यांनी विचारलं, "कामावर मास्क लावता?"

"लॉकरमध्ये आहे. पण रोज आवळा खातो," हे म्हणाले. "गूळ पण. ही सगळं वेळेवर देते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आवळा चांगलाच आहे, द्या. पण पावडर छातीत जायची ती जातेच. असंच चाललं तर फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत."

खरवईला घरी परतताना रिक्षात मी म्हटलं, "उद्यापासून आवळा बंद."

"आवळ्यानं तुझं काय बिघडवलं?"

"त्याच्या भरवशावर तुम्ही उघड्या नाकानं पोती रिकामी करता."

"मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते. वजनकाटा दिसत नाही. माप चुकलं तर सुपरवायझर तुझ्या आवळ्याला बोलणार का?"

रिक्षावाला हसला. मला हसू आलं नाही. काट्याचं मला ठाऊकच नव्हतं. डब्यात काय घालायचं याचा मी इतका विचार केला, पण मास्क का नको, हे कधी विचारलं नव्हतं.

सकाळी वाफ धरू नये म्हणून त्यांच्या चष्म्याला साबणाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यानं पुसलं. मास्कची पट्टी नाकावर घट्ट दाबायची, हे दोनदा सांगितलं. डबा भरला, आवळ्याविना.

जेवणाच्या सुट्टीत फोन आला. "इथे सगळे विचारतायत, वहिनींनी आवळा का बंद केला."

"सांगा, वहिनी रागावल्यात."

"ते त्यांनी ओळखलंय." मग म्हणाले, "वाफ कमी धरते आज. पण धरते."

"आणि पट्टी?"

"दाबलीय, बाई."

"घरी या. नाकावर मास्कचा वळ दिसला तर आवळा देईन."

ते हसले आणि हसता हसता खोकला सुरू झाला. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले.