शेऱ्याचा रकाना

दाभणकाकांना भीती घोड्याची नव्हती. पणजोबांनी घोडा चोरला, चौदा वर्षांची सजा झाली आणि त्यांना बोटीनं समुद्रापार धाडलं, हे कोर्टाच्या कागदांत त्यांनी सोमवारीच वाचलं होतं. नव्वदीच्या आत्याला सांगितलं तर ती हसलीच. "घोडा? त्यांना बसता तरी येत होतं का?" मग तिनं काकांचं मनगट धरलं. "माझे आजोबा तिकडे किनाऱ्याला उतरले का, तेवढं बघ. माझे आता फार दिवस नाहीत."

काका तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये बाइंडर. हातात कायम दाभण आणि अंगकाठीही तशीच, म्हणून हे नाव. बोटींची रजिस्टरं कुठल्या फळीवर आहेत, हे ते डोळे मिटून सांगतील. तरी मंगळवारी शिडीवर ते मध्येच थांबले. हव्या त्या रजिस्टराच्या पुठ्ठ्यावरचं कापड ओळखीचं होतं. ते त्यांनीच बांधलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

त्या वर्षी त्यांना कटिंग मशीनची भारी हौस. कडा पट्टीसारख्या सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजू छाटायचे. जुने कारकून शेवटचा रकाना पार कडेला चिकटून लिहीत, हे वरिष्ठांनी कान उपटले तेव्हा कळलं. तोवर किती रजिस्टरं मशीनखालून गेली, ते काकांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. कैदी उतरला की वाटेत वारला, ते तिथेच लिहीत.

त्यांनी पानं उलटली. कैदी दोनशे बारा. वय, गाव, घोडा, चौदा वर्षं. पुढे सरळ, सुबक कड. शाईचा एक ठिपका तेवढा राहिला होता. आपणच पणजोबांना भर समुद्रात सोडून दिलं, असं त्यांना वाटलं. या रजिस्टराची दुसरी प्रत नव्हती.

संध्याकाळी ते आत्याच्या खोलीत शिरले. कापलं म्हणून सांगायची हिंमत होईना.

"उतरले," काका म्हणाले. "चांगले धडधाकट उतरले."

आत्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"आजी जन्मभर म्हणायची, बोटीतच गेले असणार, नाहीतर दोन ओळी तरी लिहिल्या असत्या." ती म्हणाली. "म्हणजे जिवंत असून नाही लिहिल्या."

आता काकांनी शेरा कापल्याचं खरं सांगितलं, तरी हा आपली समजूत काढतोय असंच तिला वाटलं असतं.