टॉवेल-टोपीचा मान

वसमतच्या स्टँडवर मी पुण्याची सोडून चुकून नांदेडच्या एसटीत जाऊन बसलो होतो, ट्रंकेसकट आणि सहा वर्षांच्या पल्लवीसकट. बायकोनं, सुनंदानं, खिडकीवर थापा मारून खाली उतरवलं. निरोपाला आलेली आमची आई रडता रडता हसायला लागली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लेकराला इतक्या लांब नेऊन राहिलास. तिथं तिला आपलं कुणी भेटंल का रे?"

माझ्या गावच्या, हट्ट्याच्या मंडळींनो, आणि गाव सोडून माझ्यासारखं इकडं आलेल्यांनो, भेटलं. कसं ते ऐका.

तीच पल्लवी, आता लग्नाच्या वयाची, गेल्या महिन्यात म्हणाली, "पप्पा, रविवारी माझ्या पसंतीचं कुणीतरी घरी येणार आहे. दारातून परत पाठवलंत, तर मीही सोबत निघेन."

मी हवेतच. आपल्याकडं पाहुण्याला टॉवेल-टोपीचा मान असतो. पुण्यात टोपी घालतंय कोण? तरी चार दुकानं पालथी घालून पांढरीशुभ्र मिळवली आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून वॉचमनशेजारी जाऊन उभा राहिलो.

रिक्षातून सारिका उतरली. पल्लवीची कॉलेजपासूनची मैत्रीण, आमच्याच भागातली, जवळा बाजारजवळच्या तांड्यावरची. हळद शिजतानाच्या वासाची आठवण काढत दोघी आमच्या किचनमध्ये तासन्‌तास बसायच्या. मी तिच्या मागं पाहिलं.

"एकटीच? पोरगं गाडी पार्क करून राहिलं का?"

सारिकाचा चेहराच उतरला. खांद्याला बॅग लावून पल्लवी जिन्यातून धावत आली आणि तिनं सारिकाचा हात धरला.

"पोरगं कुणी न्हाई, पप्पा. हीच. दहावीतच कळलं होतं मला. सांगायची हिंमत व्हत नव्हती."

वॉचमन आकाशाकडं बघायला लागला. मी पुन्हा नांदेडच्या गाडीत बसलेला, मांडीवर टोपी घेऊन. उतरायला जरा वेळ लागला, खोटं कशाला बोलू. पण रिकामी रिक्षा वळायला लागली, पल्लवीनं त्या रिक्षाकडं पाहिलं, आणि मी पटकन पुढं झालो.

"वर चल गं सारिका," मी म्हणालो, "पोहे गार होऊन राहिले."

दोघी जिना चढताना इतक्या हसत होत्या, की मलाही हसू आवरेना. पूर्वी घर म्हटलं की हट्टा डोळ्यांपुढं यायचं. आता हा जिना येतो.

वर सुनंदा तबकात नारळ आणि खण ठेवत होती. मी हळूच विचारलं, "ह्या टॉवेल-टोपीचं काय करू आता?"

"तुमीच घाला," ती म्हणाली. "सारिकाची साडी मी दिवाळीतच घेऊन ठेवलीय."