शून्य कचरा आणि माझी डिकी

धायरीतल्या आमच्या सोसायटीने कचरा शून्यावर आणायचे ठरवले, तेव्हा त्या समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड झाली. (ते एक मत माझे होते. बाकीचे गप्प बसले होते.)

मग तीन महिने मी लोकांच्या बादल्यांत डोकावत हिंडलो. कांद्याच्या सालींत बिस्किटाचा कागद दिसला, की त्या गृहस्थाला जिन्यात गाठून व्याख्यान! शेजारचे शेखसाहेब खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते एकदा शांतपणे म्हणाले, "अहो, झडती आमचीही व्हायची. पण निदान पगार तरी मिळायचा!"

अखेर 'शून्य कचरा' प्रमाणपत्रासाठी परीक्षक बाई येणार असल्याचे कळले. आदल्या दिवशी सभेत मी फर्मान काढले, "उद्या आवारात कचऱ्याचा कण दिसता कामा नये! खताच्या खड्ड्यातही काही टाकायचे नाही. त्याच्याभोवती रांगोळी काढली आहे!"

"मग आजच्या आमरसाच्या साली ठेवू कुठे?" बायकोने विचारले.

"ते तुमचं तुम्ही बघा."

सगळ्यांनी बघितले.

दुसऱ्या दिवशी बाईंना आणायला मी जातीने स्वारगेटला गेलो. मे महिन्याची दुपार, गाडीचा एसी बंद. ओल्या-सुक्याच्या वर्गीकरणावर मी रंगात येऊन बोलत होतो. इतक्यात बाईंनी नाकाला पदर लावला.

"कसला वास येतोय हो?"

"नदीचा!" मी ठोकून दिले.

नदीकाठचा सिंहगड रोड बराच मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "नदी आपल्याबरोबरच येतेय वाटतं."

सोसायटीत मात्र सगळे लखलखीत! बाईंनी बादल्या पाहिल्या, खड्डा पाहिला, रांगोळीसुद्धा पाहिली. मी हवेत. निघताना त्या गाडीपाशी आल्या आणि थबकल्या. निरोपाला बायकोसकट अख्खी सोसायटी जमली होती.

"आवारात कुठेच वास नाही. इथेच आहे. जरा डिकी उघडता?"

"अहो, डिकीत काय असणार! स्टेपनी!" म्हणत मी झोकात डिकी उघडली.

आत अकरा पिशव्या! आंब्याच्या साली, कोयी, कोळंबीची टरफले. त्यातल्या एकीतून पिवळा ओघळ माझ्या स्टेपनीवर उतरत होता. माश्यांचा एक थवा बाईंच्या स्वागताला बाहेर आला.

"हे काय?" मी बायकोवर ओरडलो.

"सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा ठेवल्या. आवारात नको म्हणालात ना? आवाराबाहेर जाणारी तुमचीच एक गाडी होती. सगळ्या घरांची सोय झाली."

"आमची निळी पिशवी," शेखसाहेब पुढे झाले. "वर्गीकरण करूनच दिली आहे. तपासून घ्या."

बाईंनी वहीत काहीतरी टिपले. परत जायला त्यांनी रिक्षा बोलावली.

आठवड्याने प्रमाणपत्र आले. बाईंच्या हातचा शेरा असा: 'सोसायटीच्या आवारात कचरा आढळला नाही. तो अध्यक्षांकडे आढळला.'

समितीने ते फ्रेम करून लिफ्टसमोर लावले आहे. तेवढा ठराव मात्र खरोखरच एकमताने झाला. विरोधात फक्त मी होतो, आणि माझे मत बाद धरण्यात आले.