जळक्या कोळशातलं झाड

माझ्या हातचं झाड मरत नाही, हे खांदा कॉलनीतल्या आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच समोरच्या बेने इस्रायली मावशींनी इस्रायलला लेकीकडे कायमचं जाताना आपली कुंडी माझ्या हवाली केली. गुबगुबीत पानांचं ते झाड त्यांच्या यजमानांनी लावलेलं. यजमान गेल्यावर मावशी त्या झाडाशीच बोलायच्या.

पावसाळ्यात त्याची पानं पाणी भरल्यासारखी होऊन गळायला लागली. बुंधा हाताला मऊ लागला. मजल्यावरच्या बायका सल्ले घेऊन हजर: तांदळाचं धुवण घाल, चहाचा चोथा घाल, शेणखत घाल. आपल्याकडे माया म्हणजे खाऊ घालणं. मी कुणाचं ऐकलं नाही. शेंडा तेवढा शाबूत होता, तो कापून सावलीत सुकत ठेवला आणि जुन्या पनवेलात लोहाराकडे गेले.

त्याच्या भट्टीजवळ जळून गेलेल्या दगडी कोळशाचे हलके, भोकं पडलेले खडे साचलेले असतात. मी पिशवीभर मागितले, तर तो बघतच राहिला. घरी ते फोडले, चाळून राख टाकून दिली आणि उरलेले खडे, तांदूळ धुवावेत तसे, नितळ पाणी येईपर्यंत धुतले. वाळवून ते कुंडीत भरले आणि त्यात शेंडा खोचला.

"मातीच नाही, तर ते खाणार काय?" नवऱ्यानं विचारलं.

"खाऊनच मरत होतं," मी म्हटलं.

मावशी दर शुक्रवारी शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावण्याआधी व्हिडिओ कॉल करत. तिथं त्यांचं काही धड नव्हतं. भाषा येईना, आणि बॅगेतले कपडे कपाटात लावायचं त्या मनावर घेईनात. "मी पाहुणीच इथली," म्हणायच्या. कुंडी दाखवली की मात्र विनवायच्या, "पाणी घाल गं, मरेल ते बिचारं."

मी हसून "मुळं फुटेपर्यंत नाही" म्हणायची. फोन ठेवल्यावर पुन्हा पुन्हा कुंडीजवळ जाऊन बघायची, कारण यजमानांची तेवढीच एक खूण उरली होती. तरी पाणी घातलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी मी कॅमेऱ्यासमोर शेंडा अलगद वर उचलला. पांढऱ्या, बारीक मुळांनी घट्ट धरलेला एक करडा खडाही त्याच्याबरोबर वर आला.

 मावशींनी डोळे पुसून लेकीला हाक मारली.

"कपाटात जागा कर गं," त्या म्हणाल्या. "ते मातीशिवाय रुजलं, मग मला काय धाड भरलीय?"